नोंद कोणी केली आणि कशासाठी केली: हेल्थ डेटा सायन्सच्या पदव्युत्तर अभ्यासाविषयी

हेल्थ डेटा सायन्स, म्हणजे आरोग्याच्या नोंदींवरून संख्याशास्त्र आणि संगणकाच्या आधारे निष्कर्ष काढणे, या विषयात मी लंडनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेत असल्याचे कळल्यापासून पुण्या-मुंबईतील संख्याशास्त्राचे, फार्मसीचे आणि अलीकडे वैद्यकीचेही विद्यार्थी मला विचारतात की या अभ्यासक्रमाला प्रोग्रॅमिंग किती यावे लागते, मशीन लर्निंग (डेटातून नियम शोधायला यंत्राला शिकवणे) किती खोलात शिकवतात आणि पुढे नोकरी कोणत्या प्रकारची मिळते. हे प्रश्न रास्त आहेत, कारण परदेशातील शिक्षणासाठी घरातल्यांनी कर्ज काढलेले असते आणि एका वर्षाच्या अभ्यासक्रमात चाचपडायला वेळ नसतो. तरीही त्यांची उत्तरे देताना मला दर वेळी जाणवते की विषयाचा गाभा या प्रश्नांच्या बाहेर राहून जातो. वर्षभरात मी जे शिकले त्यात सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे आपल्यासमोर आलेली आरोग्याची नोंद कोणी केली, कोणत्या वेळी केली आणि कशासाठी केली, हे विचारल्याशिवाय त्या नोंदीवर गणित न करण्याची शिस्त. त्या शिस्तीविषयी सविस्तर लिहावे, म्हणून हा लेख.

मी मूळची संख्याशास्त्राची. पदवीनंतर पुण्यात औषधचाचण्यांच्या डेटावर काम करणाऱ्या एका कंपनीत मी सॅस या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरची प्रोग्रॅमर म्हणून नोकरी करत होते. पुण्यात हे काम करणारी मुले-मुली मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे अनेक वाचकांना त्या कामाची रीत परिचयाची असेल. औषधचाचणीतील प्रत्येक आकडा आधी ठरवून गोळा केलेला असतो. रुग्णाने कोणत्या आठवड्यात यायचे, त्या दिवशी रक्तदाब किती वेळा मोजायचा, तपासणी कोणत्या प्रयोगशाळेत करायची आणि रुग्ण आला नाही तर काय लिहायचे, हे सारे प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे चाचणीच्या लेखी आराखड्यात, पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वीच लिहिलेले असते. एखादी जागा रिकामी दिसली, तर चाचणी चालू असलेल्या रुग्णालयाकडे प्रश्न पाठवून उत्तर मागवता येते. अशा डेटावर काही वर्षे काम केल्यावर मनाची एक सवय बनते. रकाना आहे म्हणजे त्यात काय असायला हवे हे कोणीतरी ठरवलेले आहे, असे आपण गृहीत धरू लागतो.

दवाखान्यातील रोजच्या नोंदींना हे गृहीतक लागू पडत नाही. तिथली नोंद संशोधनासाठी झालेली नसते. रुग्णाला बरे वाटत नव्हते म्हणून, पुढच्या डॉक्टरला कळावे म्हणून, विम्याचे किंवा सरकारी अनुदानाचे पैसे मिळावेत म्हणून, किंवा उद्या कोणी जाब विचारला तर कागद असावा म्हणून ती झालेली असते. ब्रिटनमध्ये २००४ साली फॅमिली डॉक्टरांचे काही मानधन गुणवत्तेच्या ठरावीक निकषांशी जोडले गेले आणि त्या निकषांत धूम्रपानाची व रक्तदाबाची नोंद ठेवणे हेही होते. त्या सुमारास या नोंदींचे प्रमाण ठळकपणे वाढलेले दिसते. ही पार्श्वभूमी ठाऊक नसलेल्या विद्यार्थ्याने आलेख काढला, तर २००४च्या आसपास देशातील लोकांच्या सवयींत मोठा बदल झाला असे त्याला प्रामाणिकपणे वाटेल. बदल प्रत्यक्षात नोंद करणाऱ्याच्या टेबलावर झालेला असतो.

अभ्यासक्रमाची रचना थोडक्यात सांगते. ब्रिटनमधील पूर्णवेळ मास्टर्स साधारण बारा महिन्यांचे आणि १८० क्रेडिटचे असते. पहिल्या सत्रात साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग, दुसऱ्या सत्रात मशीन लर्निंग, कार्यकारणाचे अनुमान (कशामुळे काय घडले हे ठरवणे), डेटा-व्यवस्थापन, नीतिशास्त्र वगैरे, आणि उन्हाळ्यात प्रबंध, अशी साधारण मांडणी बहुतेक विद्यापीठांत दिसते. प्रोग्रॅमिंग आर, पायथन आणि एसक्यूएल या तिन्ही संगणक-भाषांमध्ये होते. वर्गात डॉक्टर असतात, फार्मासिस्ट असतात, संगणक अभियंते आणि माझ्यासारखे संख्याशास्त्राचे विद्यार्थी असतात, आणि प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या तासाला नवखा असतो. डॉक्टरांना मॅट्रिक्सची भीती वाटते, तर अभियंत्यांना मूत्रपिंडाच्या तपासणीतले क्रिएटिनिन वाढले म्हणजे नेमके काय झाले हे विचारावे लागते. गटाने करायच्या कामांत ही सरमिसळ फार उपयोगी पडते, आणि अभ्यासक्रम निवडताना वर्गात वैद्यकीय पार्श्वभूमीचे विद्यार्थी किती असतात हे विचारून घ्यावे, असे मी आवर्जून सुचवेन.

ब्रिटनमध्ये हा विषय इतका वाढला त्याचे कारण तिथल्या आरोग्यव्यवस्थेच्या रचनेत आहे. राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस, १९४८ साली सुरू झाली. जवळजवळ प्रत्येक रहिवासी एका फॅमिली डॉक्टरकडे नोंदवलेला असतो, तज्ज्ञाकडे जायचे तर सहसा त्याच्याच मार्फत जावे लागते, आणि इंग्लंडमध्ये प्रत्येकाला दहा अंकी एनएचएस क्रमांक असतो. त्यामुळे दवाखान्याची नोंद, रुग्णालयातील भरती आणि मृत्यूची नोंदणी या तीन ठिकाणच्या गोष्टी एकाच माणसाच्या म्हणून जोडता येतात. फॅमिली डॉक्टरांच्या निनावी नोंदींचा सीपीआरडी हा संग्रह १९८७पासूनच्या नोंदी बाळगून आहे. त्याखेरीज यूके बायोबँक आहे, ज्यात २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वर्षे वयाच्या सुमारे पाच लाख लोकांनी स्वेच्छेने नावे नोंदवली. एक लोकांच्या आजारपणातून आपोआप तयार झालेला संग्रह आणि दुसरा संशोधनासाठी मुद्दाम उभा केलेला. बायोबँकेत स्वेच्छेने आलेले लोक एकूण लोकसंख्येपेक्षा अधिक निरोगी आणि अधिक सुस्थितीतील आहेत हे सिद्ध झालेले आहे, तेव्हा मुद्दाम उभ्या केलेल्या संग्रहालाही हाच प्रश्न विचारावा लागतो: यात कोण आले आणि कोण आले नाही?

आता एका साध्या वाटणाऱ्या कामाकडे वळते, कारण या अभ्यासाचे खरे स्वरूप मला त्या कामात दिसले. काम असे होते: नोंदींच्या संग्रहातून टाइप २ मधुमेह असलेल्या व्यक्ती शोधून काढा. ऐकताना हे एका ओळीच्या एसक्यूएलचे काम वाटते. पण ब्रिटनच्या फॅमिली डॉक्टरांच्या संगणकात मधुमेह एकाच शब्दाने लिहिलेला नसतो. आधी रीड कोड नावाची संकेतपद्धती होती, जी डॉ. जेम्स रीड या फॅमिली डॉक्टरने १९८०च्या दशकात तयार केली. पुढे २०१८पासून इंग्लंडच्या प्राथमिक आरोग्यसेवेत तिची जागा स्नोमेड सीटी या दुसऱ्या संकेतपद्धतीने घेतली, आणि रुग्णालये व मृत्यूचे दाखले मात्र आयसीडी-१० या जागतिक वर्गीकरणानुसार लिहिले जातात. प्रत्येक पद्धतीत मधुमेहाशी संबंधित संकेत डझनांनी आहेत. त्यांतील एक संकेत कुटुंबात मधुमेह असल्याचा असतो, एक मधुमेहाची शंका असल्याचा, एक गरोदरपणातील मधुमेहाचा, एक मधुमेहाच्या डोळे-तपासणीला बोलावल्याचा, आणि एक तर मधुमेह आता राहिला नसल्याचा. यांपैकी कोणते संकेत यादीत घ्यायचे हे कोणताही संगणक ठरवून देत नाही. विद्यार्थ्याने एकेक संकेत वाचायचा, डॉक्टरशी चर्चा करायची, आणि घेतल्या-वगळल्याचे कारण लिहून ठेवायचे. या यादीला तिथे कोडलिस्ट म्हणतात, आणि एखाद्या शोधनिबंधाची निम्मी गुणवत्ता तिच्यात असते असे मला आता ठामपणे वाटते.

संकेतांवर विसंबायचे नसेल तर औषधांवरून ओळखावे, असे मनात येते. पण मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध पीसीओएस हा अंडाशयाचा विकार असलेल्या तरुणींनाही दिले जाते, आणि इन्सुलिन टाइप १ व टाइप २ दोन्हींत लागू शकते. मग रक्ततपासणीवरून ओळखावे, तर गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारा एचबीए१सी हा आकडाही सरळ नाही. आपल्याकडे तो टक्क्यांत सांगतात आणि ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक म्हणजे मधुमेह हे घरोघरी ठाऊक आहे. ब्रिटनने मात्र आंतरराष्ट्रीय मोजमाप स्वीकारून टक्क्यांऐवजी मिलिमोल प्रति मोल हे एकक घेतले, २००९पासून काही काळ दोन्ही आकडे दिले गेले आणि २०११नंतर नवे एककच राहिले. त्यानुसार ६.५ टक्के म्हणजे ४८, आणि ७ टक्के म्हणजे ५३. त्यामुळे जुन्या-नव्या नोंदी एकत्र केल्या की एकाच रकान्यात ७ आणि ५३ शेजारी शेजारी उभे राहतात आणि दोघांचा अर्थ एकच असतो. एककाचा रकाना पुष्कळदा रिकामा असतो, म्हणून तारीख आणि आकड्याचा आवाका पाहून एकक ठरवावे लागते. या कामाला प्रसिद्धी नाही. शोधनिबंधात ते पुरवणीत जाते. पण हे काम चुकले तर त्यावर बसवलेले कोणतेही मॉडेल, म्हणजे अंदाज बांधणारे गणित, चुकीच्या माणसांविषयी अचूक बोलते.

रिकाम्या जागांचा विषय त्याहून खोल आहे. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ साली मांडलेले गहाळ माहितीचे वर्गीकरण ठाऊक असते: माहिती निव्वळ योगायोगाने गहाळ आहे, हाती असलेल्या इतर माहितीवरून समजू शकेल अशा कारणाने गहाळ आहे, की जो आकडा गहाळ आहे त्याच्यामुळेच गहाळ आहे. परीक्षेसाठी ही व्याख्या पाठ होते. दवाखान्याच्या नोंदींत ती जिवंत होते. कोणाचे वजन लिहिले जाते? ज्याचे वजन डॉक्टरला चिंताजनक वाटले त्याचे. कोणाचे कोलेस्टेरॉल तपासले जाते? ज्याला धोका असल्याचा संशय आला त्याचे. म्हणजे तपासणी झाली हीच एक माहिती असते, निकाल काहीही येवो. बोस्टनमधील दोन मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींवर आधारित एक अभ्यास २०१८ साली बीएमजे या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या १७४ तपासण्यांबाबत तुलना करता आली, त्यांतील ११८ तपासण्यांमध्ये रुग्णाच्या पुढील तीन वर्षांतील जगण्याचा अंदाज तपासणीच्या निकालापेक्षा ती कधी करायला सांगितली यावरून अधिक चांगला बांधता आला. पहाटे चार वाजता पांढऱ्या पेशी मोजायला सांगितल्या, तर त्या वेळी वॉर्डमध्ये कोणाला तरी काळजी वाटत होती, आणि ती काळजी नोंदीत शब्दाने नसली तरी वेळेच्या रूपाने उमटते. हे वाचल्यानंतर मी रिकाम्या रकान्याकडे पूर्वीच्या नजरेने पाहू शकत नाही.

यंत्राला हे कळत नाही, आणि न कळल्याने काय होऊ शकते याचे एक उदाहरण आता जवळजवळ प्रत्येक वर्गात शिकवले जाते. अमेरिकेत १९९०च्या दशकात न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी कोणाला मृत्यूचा धोका अधिक आहे हे सांगणारी मॉडेले तयार करण्यात आली. त्यांतील एका मॉडेलने असा नियम शोधून काढला की दमा असलेल्या रुग्णांना न्यूमोनियाने मृत्यू येण्याचा धोका कमी असतो. आकड्यांत ते खरेच होते. कारण असे की दम्याच्या रुग्णाला न्यूमोनिया झाला तर डॉक्टर त्याला ताबडतोब अतिदक्षता विभागात हलवत, आणि त्या उपचाराने तो वाचे. मॉडेलच्या सल्ल्याने अशा रुग्णाला धोका कमी म्हणून घरी पाठवले असते, तर ज्या काळजीमुळे तो वाचत होता तीच काढून घेतली गेली असती. हा दोष ध्यानात आला तो त्या मॉडेलचे नियम माणसाला वाचता येत होते म्हणून. त्याहून अचूक ठरलेले न्यूरल नेटवर्क या प्रकारचे मॉडेल रुग्णांवर वापरायचे नाही असे मग संशोधकांनी ठरवले, कारण त्याच्या आत असाच नियम दडलेला असेल तर तो दिसण्याची सोय नव्हती. संगणकशास्त्रज्ञ रिच करुआना आणि सहकाऱ्यांनी हे उदाहरण २०१५ साली पुन्हा मांडले, तेव्हापासून अर्थ लावता येण्याजोग्या मॉडेलांच्या बाजूने ते सांगितले जाते. मला त्यातून आणखी एक गोष्ट दिसते. नोंदीत आजार आणि उपचार एकमेकांत मिसळलेले असतात, आणि ते वेगळे करण्यासाठी वॉर्डमध्ये काय चालते हे ठाऊक असावे लागते. २०१९ साली सायन्स या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने अमेरिकेतील एका प्रचलित अल्गोरिदमविषयी असेच दाखवले होते. तो अल्गोरिदम आजाराच्या तीव्रतेऐवजी उपचारावरच्या खर्चाचा अंदाज करत होता, आणि कृष्णवर्णीय रुग्णांवर तितक्याच आजारपणात कमी खर्च होत असल्याने ते कमी आजारी ठरत होते.

कार्यकारणाच्या अनुमानाचा तास हा माझ्यासाठी वर्षातील सर्वांत आनंदाचा होता, आणि औषधचाचण्यांचा अनुभव तिथे कामी आला. रजोनिवृत्तीनंतर हार्मोनची औषधे घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असे अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घ निरीक्षणासह अनेक अभ्यासांतून दिसत होते, आणि लाखो स्त्रिया त्या भरवशावर औषधे घेत होत्या. पुढे वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या चाचणीत १६,६०८ स्त्रियांना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची गोळी किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटून देण्यात आली. २००२ साली ती मुदतीआधी थांबवावी लागली, कारण गोळी घेणाऱ्या गटात स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि हृदयविकार यांचे प्रमाण अधिक आढळले. मग निरीक्षणातून आलेला निष्कर्ष उलटा का होता? स्वतःहून औषध घेणाऱ्या स्त्रिया अधिक शिकलेल्या आणि सुस्थितीतील होत्या हे एक उत्तर आहे, पण ते पुरे पडत नाही. साथरोगतज्ज्ञ मिगेल हर्नान आणि सहकाऱ्यांनी २००८ साली परिचारिकांच्याच डेटाची नव्याने मांडणी केली. जणू चाचणीच चालू आहे अशा रीतीने, ज्या क्षणी औषध सुरू झाले तो क्षण आरंभबिंदू मानून, त्यांनी औषध सुरू करणाऱ्यांची न करणाऱ्यांशी तुलना केली, तेव्हा निष्कर्ष चाचणीच्या पुष्कळ जवळ आले. आधीच्या विश्लेषणात बऱ्याच काळापासून औषध घेत असलेल्या स्त्रिया होत्या, म्हणजे सुरुवातीच्या धोक्याच्या काळातून तरून आलेल्या. म्हणजे माहिती तीच होती, आणि घड्याळ कुठून सुरू करायचे एवढे बदलले होते.

या पद्धतीला आता टार्गेट ट्रायल इम्युलेशन म्हणतात. शक्य असते तर आपण कोणती चाचणी केली असती ते आधी पूर्ण लिहायचे: कोण पात्र, कोणता उपचार, कोणत्या क्षणापासून मोजायचे, काय मोजायचे, किती काळ. मगच डेटाला हात लावायचा. पुण्यात प्रोटोकॉल वाचताना मला तो कार्यालयीन कागद वाटे. इथे तोच कागद आपण स्वतः लिहायचा असतो, आणि लिहिताना अनेकदा लक्षात येते की विचारलेला प्रश्न या नोंदींतून सुटणारच नाही. तसे नि:संकोचपणे लिहिण्यालाही आमच्या शिक्षकांनी पूर्ण गुण दिले, याचे मला फार अप्रूप वाटले.

प्रबंधासाठी मी हृदयविकाराच्या जोखमीचा अंदाज आणि वांशिक गट हा विषय निवडला, आणि तिथे पुण्याशी असलेला धागा अनपेक्षितपणे जवळ आला. इंग्लंडमध्ये पुढील दहा वर्षांतील हृदयविकार-पक्षाघाताचा धोका क्यूरिस्क या गणितावरून काढतात. त्याची २०१७ची आवृत्ती लोकसंख्येची नऊ वांशिक गटांत विभागणी करते आणि त्यात भारतीय, पाकिस्तानी व बांगलादेशी असे वेगळे गट आहेत. वेगळे का, याचे उत्तर शोधताना मी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामापर्यंत पोहोचले. १९९३ साली त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांच्या गरोदरपणापासून अभ्यास सुरू केला आणि त्या गावांतील नवजात बाळे इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. पुण्याजवळच्या बाळाचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, साउथॅम्प्टनच्या बाळाचे सुमारे ३.५ किलो. पण हाडापेराने आणि स्नायूंनी बारीक असलेल्या पुण्याजवळच्या बाळांच्या अंगावर चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच मोजमाप छापले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३ होता, आणि शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के तर याज्ञिकांची २१.२ टक्के. आज ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई लोकांसाठी बीएमआयची धोक्याची पातळी २५ऐवजी २३ आणि ३०ऐवजी २७.५ धरतात. भारतीय शरीर युरोपीय शरीराच्याच मोजपट्टीने मोजायचे का, हा प्रश्न जागतिक पातळीवर ठामपणे मांडणाऱ्या कामांपैकी एक पुण्याजवळच्या गावांत झाले, हे लंडनच्या ग्रंथालयात वाचताना मला मनापासून अभिमान वाटला.

असेच समाधान मला डॉ. पां. वा. सुखात्मे यांच्याविषयी वाचताना मिळाले. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले सुखात्मे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून १९३६ साली पीएच.डी. झाले आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत त्यांनी अनेक वर्षे संख्याशास्त्राचे काम पाहिले. एकाच निरोगी माणसाच्या आहारातील उष्मांक दिवसागणिक बदलतात, त्यामुळे सरासरी गरजेपेक्षा त्या दिवशी कमी खाल्ले म्हणून त्याला कुपोषित मोजता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यावर पुण्यात मोठे वाद झाले आणि त्यांची टीका करणाऱ्यांकडेही भक्कम मुद्दे होते. पण एका दिवसाच्या नोंदीवरून माणसाची स्थिती ठरवावी का, हा त्यांचा प्रश्न आजच्या डेटा सायन्सच्या वर्गातही तितकाच लागू आहे.

प्रबंधातील माझी खरी अडचण 'भारतीय' या एका चौकटीची आहे. इंग्लंडच्या जनगणनेत वांशिक गटाचा प्रश्न १९९१ साली प्रथम विचारला गेला आणि तीच वर्गवारी पुढे दवाखान्यांत झिरपली. त्या एका चौकटीत १९७२ साली युगांडातून हाकलून दिलेल्या गुजराती कुटुंबांची नातवंडे येतात, पंजाबातून कारखान्यांत कामाला आलेल्यांची मुले येतात, आणि गेल्या काही वर्षांत पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कामाला आलेले मराठी तरुणही येतात. जन्म कुठे झाला, बालपणी काय खाल्ले, इथे येऊन किती वर्षे झाली, यांतले काहीही त्या खुणेत नाही. मॉडेल या सर्वांना एकच गुणक लावते. याला सोपा उपाय नाही, कारण गट लहान करत गेलो की आकडे तुटपुंजे होतात आणि व्यक्ती ओळखू येण्याचा धोका वाढतो. तरीही अहवालात ही मर्यादा तळटीपेत न ढकलता निष्कर्षाशेजारीच लिहावी, असे माझे मत आहे, आणि माझ्या प्रबंधात मी तसेच लिहिणार आहे.

व्यक्ती ओळखू येण्याचा मुद्दा निघाला म्हणून गोपनीयतेविषयी. हा तास अनेकांना कंटाळवाणा वाटतो. मला तो विषयाच्या अस्तित्वाचाच प्रश्न वाटतो. इंग्लंडमध्ये केअर डॉट डेटा नावाच्या योजनेखाली फॅमिली डॉक्टरांच्या नोंदी एकत्र करायचे ठरले होते. लोकांना नीट समजावून न सांगितल्याने २०१४ साली ती थांबवावी लागली आणि २०१६ साली गुंडाळली गेली. २०२१ साली अशाच दुसऱ्या योजनेच्या वेळी दहा लाखांहून अधिक लोकांनी आपली नोंद देण्यास नकार कळवला. उलट उदाहरण ओपनसेफलीचे आहे. कोविडच्या काळात, २०२० साली, ऑक्सफर्ड आणि लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन येथील संशोधकांनी अशी व्यवस्था उभी केली की नोंदी जिथे आहेत तिथून हलतच नाहीत. संशोधक बनावट डेटावर आपला प्रोग्रॅम लिहितो, तो आत पाठवला जातो, आणि तपासून घेतलेले एकत्रित निष्कर्ष तेवढे बाहेर येतात. कोणी काय चालवले हे सर्वांना पाहता येते. या पद्धतीने १ कोटी ७२ लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदींवरून कोविडने मृत्यू येण्याची जोखीम कोणाला अधिक हे काही महिन्यांत समजले, आणि दक्षिण आशियाई लोकांना इतर घटक जमेस धरूनही धोका अधिक असल्याचे दिसले. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस इंग्लंडमधील कोविडचे १५,८४१ रुग्ण आठवडाभर आकडेवारीत आलेच नाहीत, कारण जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नसते. उत्तम रचना आणि साधी निष्काळजी एकाच देशात एकाच वर्षी नांदू शकतात, हे आम्हा विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवले जाते.

भारतात परतून काम करायचा माझा विचार आहे, आणि तिथे प्रश्न वेगळ्या पायरीवर सुरू होतात. नोंदवल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारणाचे प्रमाणपत्र असलेल्यांचे प्रमाण देशभरात चौथ्या हिश्शाहूनही कमी आहे. बाकीच्यांचे कारण शोधायचे तर घरच्यांशी बोलून, लक्षणे विचारून ठरवावे लागते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने घरोघरच्या नवजात बालसेवेचा जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ साली लॅन्सेटमध्ये आले आणि ३९ गावांत तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यांनी दाखवले. या आकड्यावर जगाने विश्वास ठेवला, कारण त्यामागे गावातील प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू टिपण्याची स्वतःची व्यवस्था होती. नोंद करणारी व्यक्ती त्या गावातीलच होती. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ साली देशभर सुरू झाले, चौदा अंकी आभा हे आरोग्य-क्रमांक आले आणि २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण आशाताईच्या वहीतील ओळ अॅपमध्ये कोण भरते, केव्हा भरते आणि भरताना तिच्यावर कोणत्या उद्दिष्टाचा दबाव असतो, हे समजून न घेता त्या डेटावर मॉडेले बांधायला आपण धजू नये, असे मला कळकळीने वाटते.

येऊ इच्छिणाऱ्यांसाठी तयारीविषयी थोडेसे. संभाव्यता आणि रिग्रेशन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज काढण्याचे संख्याशास्त्रीय तंत्र) पक्के करून यावे. मशीन लर्निंग त्यावर सहज चढते. आर किंवा पायथन यांपैकी एक भाषा अशी यावी की चूक कुठे आहे हे स्वतः शोधता येईल. बोस्टनच्या एका रुग्णालयातील अतिदक्षता विभागाच्या निनावी नोंदींचा मिमिक हा संग्रह, नीतिविषयक ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करून आणि करारावर सही करून, भारतात बसूनही मोफत मिळतो, आणि सरावासाठी त्याहून चांगले साधन मला माहीत नाही. वैद्यकीय पार्श्वभूमी नसेल तर ओळखीच्या डॉक्टरला विनंती करून ओपीडीत त्यांच्या शेजारी अर्धा दिवस बसावे आणि ते संगणकात काय लिहितात, काय लिहायचे राहते, कोणता पर्याय घाईत निवडला जातो, ते पाहावे.

आणि प्रबंधाचा विषय ठरवताना सर्वांत आधी मार्गदर्शकांना विचारावे की डेटाची परवानगी हाती आहे की मागायची आहे. नव्या अर्जाला कित्येक महिने लागू शकतात आणि उन्हाळा तेवढा मोठा नसतो. परवानगी आधीच मिळालेल्या एखाद्या मोठ्या प्रकल्पाच्या चौकटीत आपला छोटा प्रश्न बसवता येतो का, हे पहिल्या सत्रातच पाहून घेतले, तर कोडलिस्टसाठी पुरेसा वेळ हाती राहतो.